मिस डेलियाच्या बाटल्या

पूर्णिमा : पाय धुतले, पाणी प्याले. आता सांगा आप्पा, घरात कोण येतंय?

मारुतीराव : कोण येणार? दूधवाला. पेपरवाला. आज तू आलीस.

पूर्णिमा : मी निपाणीहून हवा खायला आले न्हाय. नवऱ्याला खोटं सांगून आलेय. म्हटलं, आप्पांचं बीपी वाढलंय.

मारुतीराव : माझं काय बी वाढलेलं न्हाय.

पूर्णिमा : तेच की. हायवेला उतरले, गल्लीत वळले आणि आपल्या फाटकापाशी पायच थांबला माझा. आईचा सेंट. मिस डेलिया.

मारुतीराव : फाटकापाशी?

पूर्णिमा : फाटकापाशी.

मारुतीराव : खरंच वास आला? का असं म्हण म्हणून कुणी सांगून ठेवलंय तुला?

पूर्णिमा : मला कोण सांगून ठेवणार?

मारुतीराव : हायत लोकं.

पूर्णिमा : झालं सुरू. आई काय म्हणायची ठाऊक हाय न्हवं? तुझ्या बापाला काही लपवायचं असलं की तो उलटा प्रश्न विचारतोय, न्हायतर उठून चहा टाकतोय.

मारुतीराव : दूध ठेवून येतो तापायला. बस तू.

पूर्णिमा : बघा.

मारुतीराव : अगं, चहा प्यायचा न्हाय व्हय माणसानं? हे ठेवलं. बारीक गॅसवर ठेवलंय. आता बोल.

पूर्णिमा : आईचं वर्षश्राद्ध होऊन गेलं. तिच्या साड्या मी वाटून टाकल्या, एक हिरवी इरकल तेवढी तुम्ही मागून घेतली. तिच्या बाटलीत तळाला थोडा सेंट राहिलता, तोबी तुम्ही ठेवून घेतला. तेवढ्यात असा दारापर्यंत घमघमाट सुटत न्हाय. मग हा वास कुणाच्या अंगाचा?

मारुतीराव : अंगाचा कशाला असंल? सेंटचा वास बाटलीतला असतोय.

पूर्णिमा : मंगलकाकूंचा फोन आलता.

मारुतीराव : वाटलंच. तिची न् आपली भिंत एक हाय, म्हणून तिला वाटतंय संसारबी एकच हाय.

पूर्णिमा : त्या म्हणाल्या, रोज दिवेलागणीला तुझ्या आईचा वास येतोय. भरमूच्या बायकोनं त्या वेळेला आपल्या दारावरनं जायचं सोडलंय. तिला वाटतंय शालूआक्का हळदीकुंकवाला बोलवायला आलीय.

मारुतीराव : ती येडी हाय.

पूर्णिमा : ती येडी, पण बाकीच्या शहाण्या हायत. त्यांना भूतबित वाटत न्हाय. त्या म्हणतात, मारुतीरावांकडं कुणीतरी येतीय आणि शालूबाईचाच सेंट फासून येतीय.

मारुतीराव : हॅ.

पूर्णिमा : हॅ काय? गल्लीतली एक बाई तो वास चुकायची न्हाय. संक्रांतीला बाकीच्यांच्या घरी अत्तराचा बोळा फिरायचा, आणि आपल्या घरी आई मिस डेलिया मारायची हातावर. एकीला एकदाच. बायका घरी जाऊन हात धुवायच्या न्हाईत. एवढ्या वर्षांचा वास हाय तो. तुम्ही कुणाच्या डोळ्यात धूळ फेकायलाय?

मारुतीराव : मी कुणाच्या डोळ्यात काय फेकलेलं न्हाय.

पूर्णिमा : मंगलकाकू स्वतःच तर न्हाईत न्हवं?

मारुतीराव : अगं, जीभ आवर. परशरामची बायको हाय ती. भाऊबीजेला ओवाळतीय मला.

पूर्णिमा : मग दुसरी कोण? मला नाव सांगा. मी भांडणार न्हाय.

मारुतीराव : तू आल्यापासनं दुसरं काय करायलीस?

पूर्णिमा : ते कपाट उघडा.

मारुतीराव : नको. पसारा हाय.

पूर्णिमा : तुमच्या कपाटात पसारा? फौंड्रीत असताना बनियनच्याबी घड्या घालून ठेवायचा तुम्ही. सरका बाजूला. मीच उघडते.

मारुतीराव : पूर्णा, ऐक.

पूर्णिमा : अगंबाई. हे काय? ह्या सगळ्या मिस डेलियाच?

मारुतीराव : हात लावू नको. ओळीनं लावल्यात.

पूर्णिमा : सहा बाटल्या. सगळ्यांची सीलं फोडलेली. ही तर निम्मी संपलीय. आई एक बाटली दोन वर्षं पुरवायची, आप्पा. आणि हे काय, इरकल पार ओली हाय की. सेंटनं भिजलीय. डोळ्याला झोंबतंय माझ्या. कुणाला नेसवता ही?

मारुतीराव : तोंड सांभाळून बोल.

पूर्णिमा : सांभाळूनच बोलायलेय. एकदा सांगते, नीट ऐका. तुम्ही एकटे पडलाय हे मला कळतंय. उद्या कुणाला घरात आणलं, तर मी रडीन, आठ दिवस फोन उचलणार न्हाय, पण एक ना एक दिवस गिळीन. पण आईचा वास दुसऱ्या बाईच्या अंगाला लागलेला मला सोसायचा न्हाय. तेवढंच तिचं राहिलंय. ते तुम्ही वाटून टाकताय.

मारुतीराव : मी कुणाला वाटलेलं न्हाय.

पूर्णिमा : मग सहा बाटल्या कशाला लागतात?

मारुतीराव : त्या सगळ्या रिजेक्ट हायत म्हणून.

पूर्णिमा : म्हणजे?

मारुतीराव : डुप्लिकेट. एकजात सगळ्या. ही पहिली बेळगावच्या गणपत गल्लीतली. ही खडेबाजारातली. ही त्या मॉलमधली, तिथं तर गोऱ्या पोरीचा फोटो लावून विकायलेत. ह्या दोन संकेश्वरच्या बाजारात घेतल्या. ही शेवटची म्हापशाला जाऊन आणली, एसटीनं. एकीलाबी वास न्हाय.

पूर्णिमा : वास न्हाय?

मारुतीराव : न्हाय. रंग तसाच, गुलाबी टोपण तसंच, चिठ्ठी तशीच. आत पाणी. मी खडेबाजारवाल्याला तोंडावर बोललो. माल पारखण्यात माझा जन्म गेला, म्हटलं, उद्यमबागेच्या फौंड्रीत कास्टिंग हातात घेतलं की आतला पोकळपणा मला कळायचा. मला फसवतोस? तर तो कानडीत शपथा घ्यायलाय, ‘ओरिजिनल ऐतरी अण्णावर, ओरिजिनल ऐतरी.’ दुकानात दोन कॉलेजच्या पोरी होत्या, त्यांच्या मनगटावर मारून दाखवला. त्याबी म्हणायल्या, किती छान वास आहे अंकल, आमच्या आईच्या कपाटातला.

पूर्णिमा : मग?

मारुतीराव : मग काय? त्याच्याच पोरी असणार. ठेवल्या असतील बसवून.

पूर्णिमा : आप्पा, तुम्ही मला काय कुक्कुलं बाळ समजलाय? घरात उभं राहवत न्हाय एवढा वास सुटलाय, आणि तुम्ही म्हणताय बाटलीत पाणी हाय. जरा पटंल असं तरी खोटं बोला.

मारुतीराव : तू बी त्यांच्यातलीच.

पूर्णिमा : कुणाच्यातली?

मारुतीराव : सगळे एकच बोलायलेत. तो दुकानदार, त्या पोरी, तू. दाढी करताना महादेव न्हाव्याला विचारलं, तोबी म्हणाला फस्क्लास वास हाय मामा. मला येडं ठरवायचं ठरवलंय तुम्ही सगळ्यांनी. मग घर तुझ्या नवऱ्याच्या नावावर.

पूर्णिमा : झालं? एवढंच राहिलतं म्हणायचं?

मारुतीराव : मग काय म्हणू? वास न्हाय तर आहे म्हणू?

पूर्णिमा : बरं. समजा तुमचंच खरं. वास नसलेला सेंट तुम्ही साडीवर कशाला ओतताय?

मारुतीराव : पारख करायला. एका बारानं कळत न्हाय म्हणून दोन बार मारतो. दोनानं न्हाय कळलं की चार. सांजच्याला मारायचा, कारण ती सांजच्यालाच लावायची. दिवा लावायची, केस विंचरायची आणि एकदा इथं गळ्याखाली. मी पाळीवरनं आलो की दारातच नाक मुरडायची. म्हणायची, तुमची ती जळकी वाळू बाहेर ठेवून या. आणि मी अंघोळ करून आलो की तिचा वास सगळ्या घरात झालेला असायचा. तर म्हटलं, एखादी तरी बाटली खरी निघंल. इरकल खुर्चीवर टाकतो. डोळे मिटून बसतो.

पूर्णिमा : रोज?

मारुतीराव : रोज. काय न्हाय येत.

पूर्णिमा : कुणीच येत न्हाय घरात?

मारुतीराव : कोण येतंय गं इथं मरायला? मी न् ही साडी.

पूर्णिमा : मला अजून खरं वाटत न्हाय.

मारुतीराव : नको वाटू दे.

पूर्णिमा : आईची जुनी बाटली कुठाय? ती तर डुप्लिकेट न्हाय न्हवं?

मारुतीराव : ही घे. देव्हाऱ्यात ठेवलीय. पण तिचाबी गेला. टोपणातनं हवा शिरली असणार. पहिल्यांदा हिचाच गेला, म्हणून तर बाजारात गेलो मी. दिवाळीच्या आधी कधीतरी. आधी तो ताप आलता, नाकातनं पाणी वाहायचं, आठ दिवस आडवाच होतो. उठलो, बाटली उघडली, तर रिकामी हवा.

पूर्णिमा : आणा इकडं. बघू.

मारुतीराव : बघ. आता तूच सांग.

पूर्णिमा : आप्पा.

मारुतीराव : न्हाय न्हवं?

पूर्णिमा : आप्पा, ह्यात आई हाय. आहे तशी.

मारुतीराव : खोटं.

पूर्णिमा : आईची शपथ.

मारुतीराव : तिची शपथ घेऊन खोटं बोलू नको पूर्णा. थांब, दूध बघून येतो. बघ की, बोलत बसलो, उतू गेलंय. गॅस विझलाय. सगळं शेगडीवर सांडलंय. लायटर कुठं ठेवला मी?

पूर्णिमा : आप्पा, थांबा.

मारुतीराव : हां, सापडला.

पूर्णिमा : लायटर खाली ठेवा. ठेवा म्हणते. हात खाली.

मारुतीराव : का? काय झालं ओरडायला?

पूर्णिमा : गॅस सुटलाय. सगळ्या स्वयंपाकघरात भरलाय. मला इथं सोप्यात वास यायलाय. बटण बंद करा आधी. सिलेंडरचंबी. बाजूला व्हा, मी करते.

मारुतीराव : कसला वास?

(परड्याच्या दारातून मंगल डोकावते.)

मंगल : अगं कुणी हाय का घरात? गॅस कुणाचा सुटलाय? मी कपडे वाळत घालायलेय, परड्यात नाकाला बसला वास. आणि काय करपलंय? पूर्णा, तू कधी आलीस गं बाई?

पूर्णिमा : आत्ताच आले काकू. ती खिडकी उघडा. दोन्ही दारं उघडी टाका.

मंगल : उघडते, उघडते. मारुतीआण्णा, अहो दुसरी खेप हाय ही. गेल्या महिन्यात असंच झालतं. मी भिंतीवरनं हाका मारल्या, तर तुम्ही म्हणाला, काय वासबीस न्हाय, तुझाच सिलेंडर बघ. मी बाई माझा सिलेंडर बदलून घेतला.

पूर्णिमा : हे तुम्ही फोनवर सांगितलं न्हाईत काकू.

मंगल : अगं, दुसरंच सांगायच्या नादात राहिलं ते.

पूर्णिमा : काकू, एक विचारते, रागवू नका. तुम्ही सेंट लावता?

मंगल : मी? मला कुठला सेंट. आक्कानं संक्रांतीला हातावर मारला तेवढाच आयुष्यात. आमच्या ह्यांना सांगून थकले, तसला आणा म्हणून. का गं?

पूर्णिमा : काय न्हाय. सहज.

मंगल : आण्णा असे काय बघायलेत? पांढरेफटक पडलेत की. साखरपाणी देऊ?

मारुतीराव : नको. जा तू. कपडे वाळत घाल जा.

मंगल : जाते. दारं उघडी ठेवा पण.

पूर्णिमा : बसा आप्पा. डोळे मिटा.

मारुतीराव : कशाला?

पूर्णिमा : मिटा. मी नाकापाशी एक धरते. ओढा श्वास. काय हाय?

मारुतीराव : मीठ.

पूर्णिमा : मिठाला वास असतोय व्हय?

मारुतीराव : मग साखर असंल.

पूर्णिमा : उघडा डोळे.

मारुतीराव : हिंगाची डबी.

पूर्णिमा : तुमच्या मिशीला लागलाय हिंग. मला शिंक आली असती.

मारुतीराव : सर्दी हाय जरा. नाक गच्च हाय.

पूर्णिमा : श्वास सरळ चाललाय की. भाजीला चव लागत न्हाय म्हणून दर फोनला सांगता, ते कधीपासनं?

मारुतीराव : तिच्या हाताची न्हाय, म्हणून लागत न्हाय.

पूर्णिमा : तिखट-मीठ कळतंय?

मारुतीराव : ते कळतंय. बाकी सगळं एकसारखं. मागं वरण आंबलतं म्हणे, मी दोन वाट्या खाल्लं. मग पोट धरून बसलो. दूध नासलेलं डोळ्यानं बघतो आता.

पूर्णिमा : आणि मला सांगितलं न्हाय.

मारुतीराव : काय सांगायचं? मला वाटायचं, मालच सगळा बोगस झालाय. दूध, चहापत्ती, सेंट. सगळ्यांनी मिळून फसवायचंच ठरवलंय म्हटल्यावर एकाला काय बोलायचं?

पूर्णिमा : तापात गेलंय तुमचं नाक. बेळगावात डॉक्टरला दाखवू. परत येतंय म्हणतात कुणाकुणाचं.

मारुतीराव : कुणाकुणाचं.

पूर्णिमा : येईल की. न्हाय असं कोण म्हणायलंय?

मारुतीराव : म्हणजे तो खडेबाजारवाला खरं बोलत होता.

पूर्णिमा : व्हय.

मारुतीराव : मी त्याला चोर म्हटलं पूर्णा. चार गिऱ्हाइकांसमोर.

पूर्णिमा : मीबी तुम्हाला काय काय म्हटलं आत्ता. नेसवता म्हटलं. लाज वाटतीय मला.

मारुतीराव : तुझं सोड. गल्लीनंबी म्हटलंच की. मला तेवढं एकच वाटत होतं, अजून एखाद्या दुकानात खरी बाटली असंल. गोव्यात न्हाय तर कोल्हापुरात असंल. शोधायचं राहिलंय एवढंच. आता कुठं शोधू? आता ती गेलीच म्हण की.

पूर्णिमा : आप्पा, असं करू नका. रडा, पण तोंड फिरवू नका. हे घ्या, पदरानं पुसा.

मारुतीराव : तुला नीट येतोय वास?

पूर्णिमा : येतोय.

मारुतीराव : सांग बघू कसा येतोय. मी सांगतो बरोबर का चूक.

पूर्णिमा : हे बघा, मनगटावर मारला. पहिल्यांदा फळ. पिकलेला पेरू नखानं सोलावा, तसा. थोडा आंबट.

मारुतीराव : बरोबर. म्हापशाला पहिल्यांदा घेतला तेव्हा ती म्हणाली, अत्तरानं माझं डोकं धरतंय, हे खावंसं वाटतंय. दुकानदार हसला. नवीन लग्न झालतं, मला राग आला त्याचा. मग?

पूर्णिमा : मग अजून काय न्हाय. पेरूच हाय.

मारुतीराव : घाई करू नको. जरा हात हलव. फूल येतंय बघ मागनं.

पूर्णिमा : हां. आलं. मोगरा. न्हाय, मोगऱ्याबरोबर गुलाबबी हाय, पण गावठी गुलाब.

मारुतीराव : ते हळदीकुंकवाच्या वेळेचं. बायका जायला उठायच्या तवर मोगरा यायचा. तू परकर सावरत तिच्या मागनं फिरायचीस, हात पुढं करून. मला, मला म्हणून.

पूर्णिमा : मला दोनदा मारायची. बाकीच्यांना एकदा, मला दोनदा.

मारुतीराव : न्हाय, तुलाबी एकदाच. दुसऱ्यांदा नुसतं टोपण दाबल्यासारखं करायची. तुला कळायचं न्हाय.

पूर्णिमा : एवढी वर्षं मला वाटायचं, माझा लाड व्हायचा.

मारुतीराव : लाडच व्हता की तो.

पूर्णिमा : आता काय राहिलंय? मोगराच हाय अजून.

मारुतीराव : आता तू थांब. ह्याच्या पुढचं लगेच येत न्हाय. फळ पाव्हण्यांचं, फूल संध्याकाळचं. शेवटचं जे राहतंय ते सकाळी येतंय, उशीवर. चंदनासारखं, पण चंदन न्हाय. थोडं दुधासारखं. ते बाहेर कुणाला ठाऊक न्हाय. पहिल्या पाळीला जायला उठायचो, तेव्हा ती झोपलेली असायची आणि तेवढंच यायचं. मग दिवसभर त्या धुरात नाकात तेवढंच धरून ठेवायचो मी.

पूर्णिमा : मी ते कधी घेतलेलं न्हाय.

मारुतीराव : तू कशी घेशील? तुझी बस कितीची हाय?

पूर्णिमा : पाचची व्हती. जाऊ दे ती. फोन करते घरी, आप्पांचं बीपी खरंच वाढलंय म्हणून.

मारुतीराव : सकाळी उठल्या उठल्या बघ. चहाच्या आधी. आणि मला नीट सांग, घाईत न्हाय.

पूर्णिमा : सांगते. आईची उशी कुठली?

मारुतीराव : भिंतीकडची. एकदाच मार. ती एकदाच मारायची.

पूर्णिमा : एकदाच मारते. आईच्या बाटलीतला मारू?

मारुतीराव : कुठलीबी घे. सगळ्या खऱ्याच निघाल्या न्हवं.